ईडलिंबू कोणी पाहिले आहे?
पहिली ते चौथीच्या शब्दसंपत्तीचा विचार

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला 'ई' कशाचा, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : ईडलिंबाचा. मग 'ते तुम्ही पाहिले आहे का', असे विचारले की बहुतेक जण हसतात. गेली काही वर्षे हा प्रश्न मी एस.टी.त, लग्नाच्या मांडवात, ग्रंथालयात आणि शिक्षकांच्या बैठकीत विचारत आलो आहे. होकारार्थी उत्तर देणारे बोटांवर मोजण्याइतके भेटले. मी स्वतः ते फळ पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. कोकणातल्या एका परसात साध्या लिंबाच्या कितीतरी पट मोठे, जाड सालीचे एक फळ लोंबत होते. घरच्या आजी म्हणाल्या, "ईडलिंबू ते. लोणच्याला घालतो आम्ही." मी नकळत बोलून गेलो, "म्हणजे हे खरेच असते?" आजींना माझ्या प्रश्नाचे आश्चर्य वाटले, मला माझ्या शिक्षणाचे.

हा लेख फळाविषयी नाही. सहा ते दहा वर्षांच्या मुलाला आपण शब्द कसे देतो, याविषयी आहे. मी शिक्षक नाही. औपचारिक शिक्षण लवकर सुटले. पुढे नोकरी सांभाळून जुनी क्रमिक पुस्तके, अंकलिप्या आणि कोश गोळा करण्याचा नाद लागला. अलीकडे दर शनिवारी जवळच्या जिल्हा परिषद शाळेत गोष्टी सांगायला जातो. घरातला हा पुस्तकांचा ढीग आणि समोर बसलेली मुले, यांच्यामध्ये जे अंतर दिसले ते येथे मांडतो.

१. अक्षरासाठी शब्द

अंकलिपीतले शब्द आठवून पाहावेत : उखळ, एडका, ऐरण, औत. हे शब्द तक्त्यात आले ते त्यांचे पहिले अक्षर हवे होते म्हणून. तक्ता करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. मराठीत 'ई'ने किंवा 'ऐ'ने सुरू होणारे सोपे शब्द आहेतच किती? शिवाय एके काळी उखळ घरात होते, औत दारात होते आणि ऐरणीचा आवाज गावभर ऐकू येत होता. त्या मुलाला शब्द आधी माहीत होता आणि अक्षर नवे होते. ओळखीच्या खुंटीवर अनोळखी वस्तू टांगली जात होती. आज खुंटीच अनोळखी झाली आहे.

दुसरीतल्या एका मुलीने माझ्यासमोर तक्त्यावरचा 'औत' खणखणीत वाचला. मी विचारले, "औत म्हणजे काय गं?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "औ." तिच्या लेखी त्या शब्दाचा अर्थ ते अक्षर हाच होता. तिने चूक केली असे मला वाटत नाही. आपण तिला जे शिकवले त्याचे तिने प्रामाणिक उत्तर दिले. तक्ता मुलाला अक्षर शिकवतो, पण त्याबरोबर न सांगता आणखी एक धडा देतो : शब्द उच्चारला की काम झाले, त्यामागे काही असलेच पाहिजे असे नाही.

आपली लिपी या धड्याला बळ देते. देवनागरीत जवळपास जसे लिहिले तसेच वाचले जाते. इंग्रजी वाचणारे मूल अनोळखी शब्दाशी अडखळते, आणि ते अडखळले हे शिक्षकाला कळते. मराठी मूल अक्षरे आणि काना-मात्रा शिकले की 'किंकर्तव्यमूढ'ही अडखळत का होईना, बरोबर वाचते. आवाज शुद्ध आला म्हणजे अर्थ पोहोचला, असे पालकाला वाटते, शिक्षकाला वाटते, तपासणीला आलेल्या साहेबांनाही वाटते. 'असर'च्या पाहणीत अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट अशा पायऱ्यांनी मुलाचे वाचन पाहिले जाते. त्या पाहणीने देशाचे डोळे उघडले यात शंका नाही. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानेही वाचन समजण्यावर भर दिला आहे. पण रोजच्या व्यवहारात मोजायला सोपे तेच मोजले जाते. मिनिटाला किती शब्द वाचले हे घड्याळ लावून सांगता येते. त्यांतले किती शब्द मुलाचे झाले, हे घड्याळ सांगत नाही.

२. धड्याखालची चौकट

तिसरी-चौथीत अक्षराची जागा अर्थ घेतो. धड्याच्या शेवटी 'शब्दार्थ' नावाची यादी किंवा चौकट येते. एका बाजूला कठीण शब्द, मध्ये आडवी रेघ, दुसऱ्या बाजूला सोपा शब्द. या चौकटीकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी कधी लक्ष दिले नाही. माझ्या मते मराठी माणसाच्या शब्दविषयक समजुती जितक्या या चौकटीने घडवल्या, तितक्या कोणत्याही कोशाने घडवल्या नसतील.

चौकटीचा पहिला दावा असा की एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवता येतो. अरण्य म्हणजे जंगल, जंगल म्हणजे रान. आता साताऱ्या-सांगलीकडच्या मुलाला विचारा, रान म्हणजे काय? तो शेत दाखवील. "बाबा रानात गेलेत" म्हणजे ज्वारीला पाणी पाजायला गेलेत. त्या मुलाच्या डोळ्यांसमोर राम चौदा वर्षे शाळूच्या वावरात राहिला, असे चित्र उभे राहिले तर दोष कोणाचा? 'अरण्य' आणि 'रान' हे दोन्ही शब्द खरे आहेत. त्यांच्यामधली रेघ खोटी आहे.

दुसरा दावा अधिक नुकसान करतो. वरमणे म्हणजे लाजणे, ओशाळणे म्हणजे लाजणे, खजील होणे म्हणजे लाजणे. तीन शब्द गेले आणि मुलाच्या हाती आले काय? जो त्याला आधीच येत होता तो एक. वास्तविक भांडायला तावातावाने गेलेला माणूस चूक आपलीच आहे हे कळल्यावर वरमतो. ज्याच्यावर संशय घेतला त्यानेच अडचणीत मदत केली की ओशाळतो. चारचौघांत खोटे उघडे पडले की खजील होतो. आणि फोटो काढताना मूल लाजते. हे चार प्रसंग आहेत, माणसामाणसांतली चार नाती आहेत. चौकट ती पुसून टाकते. कठीण शब्द सोपा करण्याच्या घाईत ती मुलाला न कळत सांगते की नव्या शब्दाची गरजच नव्हती, ते केवळ जुन्याचे अवघड नाव आहे.

मग यादी पाठ होते आणि परीक्षेत उतरते. शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला होती, पुढे काही वर्षे ती पाचवी-आठवीला झाली. तिच्या तयारीची पुस्तके उघडली की समानार्थी, विरुद्धार्थी, समूहदर्शक, ध्वनिदर्शक, पिलांची नावे, प्राण्यांची घरे अशा याद्यांची रांग दिसते. केळ्यांचा घड, द्राक्षांचा घोस, भाकऱ्यांची चवड, किल्ल्यांचा जुडगा. किती देखण्या जोड्या आहेत या! मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याने, सुतारणीने, गुराख्याने, माळिणीने डोळ्यांनी पाहून केलेली ही नावे. घडाची बांधणी घोसाहून निराळी, चवड ढिगाहून निराळी. पण पुस्तकात ती गाळलेल्या जागा भरण्यापुरती उरतात.

याच याद्यांनी मला एक दिवस चांगलेच शिकवले. वर्गातली मुले 'लाकडांची मोळी, उसाची मोळी' असे चालीवर म्हणत होती. मागच्या बाकावर ऊसतोड कामगारांची एक मुलगी बसली होती. गळीत हंगामापुरती आलेली, हजेरीपटावर नाव असून नसल्यासारखी. मी सहज विचारले, "मोळी केवढी असते?" वर्ग गप्प. ती उभी राहिली. म्हणाली, मोळी म्हणजे एका बाईला डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढता येईल एवढी. ती वाढ्यानेच बांधतात, दोरी लागत नाही. वाढं म्हणजे उसाचा शेंडा, तो जनावरांना घालतात. सैल बांधली तर चढताना सुटते आणि मुकादम ओरडतो. दोन मिनिटांत त्या मुलीने मोळी, वाढं, फड, कोयता, मुकादम, उचल असे शब्द वापरले. प्रत्येक शब्दाला वजन होते, काहींना तर शब्दशः डोक्यावरचे. पुस्तकात 'मोळी'पुढे एक गाळलेली जागा होती. त्या वर्षीच्या चाचणीत तिच्या नावापुढे शब्दसंपत्ती कमी असल्याचा शेरा होता.

३. शब्दगरीब कोण?

हा शेरा एकट्या शिक्षकाचा नाही. त्यामागे जगभर पसरलेली एक कल्पना आहे. १९९५ साली बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या अमेरिकन संशोधकांनी कॅन्सस भागातल्या ४२ कुटुंबांच्या निरीक्षणावर आधारलेले पुस्तक प्रसिद्ध केले. गरीब घरातल्या मुलाच्या कानावर चार वर्षांचे होईपर्यंत सुस्थितीतल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा फार गाजला. २०१८ साली डग्लस स्पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळ्या समाजांत पुन्हा मोजणी केली. मुख्य सांभाळणाऱ्या व्यक्तीने थेट मुलाशी बोललेल्या शब्दांबरोबर घरातल्या इतरांचे आणि मुलाच्या आसपास चाललेले बोलणेही त्यांनी मोजले. तेव्हा ती दरी सर्वत्र सारखी दिसली नाही. काही गरीब वस्त्यांत मुलांच्या कानावर भरपूर शब्द पडत होते. यावर वाद अजून चालू आहे. मुलाशी थेट बोलण्याचे महत्त्व वेगळे, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे आहे आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

पण आपल्यासाठी प्रश्न सरळ आहे. आजी, चुलत्या, शेजारीण, गुरे, बाजार, भजन यांच्यात वाढलेल्या मुलाच्या कानावर काय पडते, हे आपण कधी ऐकले का? की शाळेच्या यादीत नसलेला शब्द म्हणजे शब्दच नव्हे, असे धरून चाललो?

मला हा प्रश्न पडण्याचे कारण जुने आहे. पहिलीत असताना बाईंनी डब्यात काय आणले म्हणून विचारले. मी म्हणालो, "भाकरी आणि कोरड्यास." वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "भाजी म्हणावं." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण त्यानंतर वर्गात तोंड उघडण्यापूर्वी मी प्रत्येक शब्द मनात घोळवून पाहू लागलो, आणि घोळवता घोळवता बोलणेच कमी झाले. पुष्कळ वर्षांनी लक्षात आले की ती दुरुस्तीही बरोबर नव्हती. कोरड्या भाकरीस लावून खायचे ते कोरड्यास. मग ती भाजी असो, आमटी असो की पिठले. माझा शब्द त्यांच्या शब्दापेक्षा मोठा होता. त्या दिवशी माझ्या शब्दसंपत्तीत एकाची भर पडली नाही, एक वजा झाला.

४. कोश आणि क्रमिक पुस्तक

ही वजाबाकी कोठून आली हे शोधताना एकोणिसाव्या शतकात जावे लागते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्या कोशाचे पान कोठेही उघडावे, घरादारातले, शेतातले, बायकांच्या बोलण्यातले शब्द भेटतात. कोशाला शब्दाची जात विचारायची नव्हती. त्याला सगळे हवे होते. त्या कोशाच्या कामात कँडी बंधूंचा हात होता. त्यांपैकी मेजर थॉमस कँडी यांच्याच देखरेखीखाली सरकारी शाळांची मराठी क्रमिक पुस्तकेही तयार झाली. एकाच काळात, काही अंशी एकाच हातांनी, दोन कामे झाली. कोशाने शब्द वेचले आणि क्रमिक पुस्तकाने ते चाळले. पुस्तकाला एक ठरीव, नेटकी मराठी हवी होती. ती गरजही खरी होती. पण चाळणीच्या वर राहिले ते अशुद्ध, ही समजूत तेव्हापासून शाळेत रुजली.

पुढे १९३०च्या दशकात आचार्य अत्रे यांच्या 'नवयुग वाचनमाले'ने पाठ्यपुस्तकात खेळकरपणा आणला. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली आणि भंडाऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत मुले एकच पुस्तक वाचू लागली. त्या पुस्तकातल्या कवितांनी पिढ्या जोडल्या. माझीही त्यांतलीच एक. एक पुस्तक साऱ्या बोलींतले शब्द देऊ शकणार नाही, हे उघड आहे. ते काम पुस्तकाबाहेर, वर्गात व्हायला हवे होते. धड्याखालच्या चौकटीने वर्गाला त्या कामापासून मोकळे केले.

५. दुसरी वाट

दुसरी वाट महाराष्ट्रात होती आणि आहे. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात नेली; तिचे नाव कुरणशाळा. माँटेसोरीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले, माती आली. साधने स्वस्त झाली, एवढेच याचे महत्त्व सांगितले जाते. मला त्यात शब्दांचा विचार दिसतो. जी वस्तू मुलाच्या हातात आहे तिचे नाव मुलाच्या तोंडात आधीच आहे. शाळेने त्या नावापासून सुरुवात केली की पुढचा शब्द आपोआप मागितला जातो.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी केलेले कामही याच दिशेचे. अमेरिकेतून येऊन त्या येथल्याच झाल्या. फलटणमधल्या बोलण्यातले सामाजिक भेद हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. कोणत्या घरात कसे बोलतात हे ज्यांनी आधी कान देऊन ऐकले, त्यांनीच मग कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली आणि वाचन शिकवण्याची पद्धत बसवली. वर्णमालेच्या क्रमाने न जाता थोड्या अक्षरांचा गट घ्यायचा आणि त्यातून लगेच अर्थाचे शब्द करायचे, हा तिचा गाभा. तेथे शब्द अक्षराचा चाकर नाही. अक्षर शब्दाच्या कामी येते.

वरच्या इयत्तांसाठी इझाबेल बेक, मार्गारेट मॅकिओन आणि लिंडा कुकन यांचे 'ब्रिंगिंग वर्ड्‌स टू लाइफ' हे २००२ सालचे पुस्तक मला उपयोगी वाटले. त्या शब्दांचे तीन थर मानतात : रोजच्या बोलण्यातले, जाणत्या माणसाच्या बोलण्या-लिहिण्यात सर्वत्र येणारे, आणि एखाद्या विषयापुरते. शाळेने मुख्य कष्ट मधल्या थरावर घ्यावेत, असे त्यांचे म्हणणे. ही विभागणी मराठीत आणताना मात्र सावध राहावे लागते. मधला थर म्हणजे संस्कृत शब्द, असे आपण चटकन धरतो. पण हिरमुसणे, रेंगाळणे, भेदरणे, वरमणे हेही त्याच थरातले आहेत, आणि त्यांतले कित्येक गावातल्या मुलाला शिक्षकाआधी माहीत असतात.

शनिवारच्या तासाला मी एवढेच करतो. गोष्ट वाचून दाखवतो, तीन-चार शब्दांपाशी थांबतो, अर्थ सांगत नाही, प्रसंग सांगतो. 'वरमला' आला तेव्हा तिसरीतला एक मुलगा म्हणाला, "मी दादाला पेन्सिलचोर म्हणून लई बोललो, आणि पेन्सिल माझ्याच दप्तरात!" सारा वर्ग ओरडला, "मग वरमलास की!" पुढच्या शनिवारी मी उशिरा पोहोचलो आणि कारण सांगू लागलो, तेव्हा त्याच मुलाने शेजाऱ्याला हळूच सांगितले, "सर वरमले." तो शब्द आता त्याचा झाला. चाचणीत त्याने काय लिहिले असते, मला सांगता येणार नाही.

फळ्याच्या एका कोपऱ्यात मुलांनी आणलेले शब्द लिहितो, शेजारी पुस्तकातले. मध्ये रेघ नाही. दोन्हींतला फरक मुलांनीच सांगायचा. कोरड्यास आणि भाजी यांवर वर्ग अर्धा तास भांडला, तेव्हा बरे वाटले.

६. आक्षेप

याला दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, घरचे शब्द कुरवाळत बसलात तर मूल मागे पडेल; अर्ज, निकालपत्र, वर्तमानपत्र प्रमाण मराठीत असते. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. 'अरण्य', 'संकोच', 'अनुमान' हे शब्द ऊसतोडीच्या मुलीलाही सढळ हाताने मिळाले पाहिजेत. ते तिच्यापासून राखून ठेवणे हा दुसऱ्या प्रकारचा अन्याय होईल. पण नवा शब्द जुन्याच्या खांद्यावर उभा राहतो. जुना हिसकावून नवा दिला तर मूल दोन्हींना मुकते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. दोन शिक्षक, चार वर्ग, वर माहिती भरण्याची कामे. एकेका शब्दापाशी थांबायला वेळ कोणाला? मी आठवड्यातून एक तास जाणारा माणूस, त्यामुळे याला तोऱ्यात उत्तर देणे मला शोभणार नाही. इतकेच सुचवतो की पंधरा शब्दार्थ उतरवून घ्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तीन शब्दांवर बोलता येते. बारा शब्द सुटतील. पाठ करून परीक्षेनंतर ते तसेही सुटतातच.

आपण 'शब्दसंपत्ती' म्हणतो, म्हणून कदाचित मोजदाद सुचते : किती शब्द, कोणाकडे जास्त, कोणाकडे कमी. संपत्तीच म्हणायचे तर मुलाने घरून आणलेली आधी जमेला धरली पाहिजे. हंगाम संपला तशी ती मोळीवाली मुलगी निघून गेली. हजेरीपटावर आता तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा आहेत. जाण्यापूर्वी तिने फळ्याच्या कोपऱ्यात 'वाढं' लिहिले होते, अनुस्वारासह. ते मी अद्याप पुसू दिलेले नाही.